जाळीचा गोठा घेताना बिबट्याचं खाणं डोळ्यापुढं ठेवा : कोल्हापुरात करून मिळणाऱ्या बंदिस्त गोठ्याचं परीक्षण

लोखंडी कामाला कोल्हापुरात कारागिरांची वाण नाही. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात चार ठिकाणी विचारलं की शेळ्यांसाठी जाळीचा बंदिस्त गोठा करून देणारा कुणीतरी भेटतोच. सर्वसाधारण शेतकऱ्याला परवडणारं माप १० बाय १५ फुटांचं. मागची बाजू ७ फूट, पुढची साडेआठ फूट, वर उतरता पत्रा, चारही अंगांनी चेनलिंक (तारेत तार गुंफून विणलेली) जाळी आणि एक दार. मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट जागा धरली तर यात १२ ते १४ शेळ्या नीट बसतात. हे परीक्षण या मापाच्या गोठ्याचं आहे. बिबट्यावरचा उपाय म्हणून विकले जाणारे लुकलुकते सौर दिवे, मेंढपाळांचं घडीचं कुंपण आणि कुत्र्याचा खिळेपट्टा यांचाही ओझरता विचार पुढं केला आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. गोठा घ्यावा, पण सर्रास करून मिळतो तसा घेऊ नये. तो चोर डोळ्यापुढं ठेवून बांधलेला असतो. कुलूप जाड, कडी छातीच्या उंचीला, दर्शनी बाजू भक्कम. बिबट्या कुलपाशी झटत नाही. तो दाराच्या खालच्या कोपऱ्याशी येतो, पत्र्याखालच्या फटीशी येतो आणि जाळीला अंग टेकून झोपलेल्या शेळीपाशी येतो. म्हणून फॅब्रिकेटरला माप देण्याआधी हे जनावर काय खातं आणि कसं खातं ते नीट समजून घेतलं पाहिजे. गोठ्याच्या प्रत्येक भागाचं माप त्यातूनच निघतं.

बिबट्याचं खाणं

राधानगरी-दाजीपूर आणि चांदोलीच्या रानात त्याचं खाणं भेकर, पिसोरी, सांबराची पाडसं, रानडुकराची पिल्लं, वानर, ससा, साळिंदर, मोर आणि रानकोंबडी असं पसरलेलं असतं. काहीच हाती लागलं नाही तर उंदीर-घुशींवरही तो भागवतो. गव्याचं वासरू कळपातून सुटलं तर सापडतं. पूर्ण वाढलेल्या गव्याच्या वाटेला तो जात नाही. हे सगळं कळतं मुख्यतः विष्ठेवरून. विष्ठेतले केस धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले की केसावरच्या खवल्यांच्या नक्षीवरून जनावर ओळखता येतं.

यादी लांबलचक असली तरी त्याला सोयीचं वजन बऱ्यापैकी ठरलेलं आहे. १० ते ४० किलोचं जनावर, त्यातही २३ किलोच्या आसपासचं. एकट्यानं पाडायचं, एकट्यानं ओढायचं आणि एकट्यानं संपवायचं, हा त्याचा हिशेब. आता आपल्या दावणीकडं पाहा. सहा महिन्यांचं करडू बारा-पंधरा किलोचं, वाढलेली उस्मानाबादी शेळी तिशीतली, नुकतं जन्मलेलं रेडकू तीस किलोच्या आगेमागे, गावठी कुत्रं पंधरा किलोच्या आसपास. मळ्यातल्या वस्तीवरची जवळजवळ सगळी लहान जनावरं त्याच्या मापात बसतात. दुभती म्हैस बसत नाही, म्हणून म्हशीच्या गोठ्याला एवढा खर्च करायची गरज नाही. तिचं रेडकू मात्र रात्री आत घ्यावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच उसाच्या पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावाच्या आधारानं जगणाऱ्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, मांजरांचा १५ आणि शेळ्यांचा फक्त ११. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरीही हे प्रमाण. कारण साधं आहे. शेळी रात्री आत असते, दिवसा तिच्यामागं माणूस असतो. कुत्रं रात्रभर बाहेर मोकळं फिरतं. बिबट्या चवीपेक्षा सोय पाहतो, असा त्या आकड्यांचा अर्थ लागतो. गोठा चांगला असला की फरक पडतो हे सांगणारा याहून मोठा पुरावा नको.

शिकारीची रीत गोठ्याच्या दृष्टीनं आणखी महत्त्वाची. तो पिकाच्या आडोशानं जमिनीसरसा सरकत जवळ येतो, शेवटची झेप-धाव थोडक्या अंतराची असते. मोठ्या जनावराचा गळा धरून श्वास कोंडतो, लहानाची मान किंवा कवटी चावतो. लगेच तिथं खात बसत नाही, शिकार आडोशाला ओढून नेतो. वाघ, रानकुत्री यांच्यासारखे वाटेकरी असलेल्या रानात ती झाडावर चढवतो. उसाच्या पट्ट्यात दाट फडातली एखादी सरी पुरते. खायला बसण्याआधी बऱ्याचदा दातांनी केस उपटून टाकतो, कोथळा बाजूला काढतो आणि पोट-छाती किंवा मांडीच्या आतल्या बाजूनं सुरुवात करतो. सरासरीनं त्याला दिवसाला तीन-चार किलो मांस लागतं. तीस किलोच्या शेळीतलं खाण्याजोगं सुमारे वीस किलो धरलं तर कुणी न हुसकावता ती त्याला पाच-सहा दिवस पुरू शकते. मांस कुजायला लागलं तरी त्याला वावडं नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता त्याच जागी परत येतो.

आता यातली सगळ्यांत कळीची गोष्ट. उघड्या दावणीवर बिबट्यानं एक शेळी धरली की बाकीच्या दावं तोडून पळतात किंवा तो धरलेली घेऊन निघून जातो. नुकसान एका जनावराचं. तोच बिबट्या बंद गोठ्यात उतरला की चित्र उलटं होतं. शेळ्या घाबरून त्याच्याभोवती सैरावैरा धावतात, बाहेर पडायला वाट नसते, आणि हलणाऱ्या जनावरावर झडप घालण्याची त्याची उपजत क्रिया थांबतच नाही. एका रात्रीत आठ-दहा शेळ्या मेल्या आणि खाल्ली एकही नाही, अशा घटनांमागं हेच असतं. म्हणजे अर्धवट बांधलेला बंदिस्त गोठा उघड्या दावणीपेक्षा जास्त घातक. पैसे कमी पडत असतील तर गोठा लहान करा, १० बाय १० करा, पण एक बाजू कच्ची सोडू नका.

जाळी

नेहमी मिळणाऱ्या गोठ्यातला हा सर्वांत बरा भाग. दोन इंची चौकटीची चेनलिंक असेल तर बिबट्याचा पंजा आत जात नाही, नखं जेमतेम येतात. तीन इंची घेतली की पंजाचा पुढचा भाग आत येतो आणि जाळीजवळची शेळी ओरबाडली जाते. तेव्हा दोन इंचीच घ्यावी. जाडीत मात्र फसवणूक होते. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ गेज २.६४ आणि १४ गेज २.०३ मिलिमीटर. बिबट्यासाठी १० गेज हवी, १२ ही शेवटची मर्यादा, १४ गेज कंपाउंडला ठीक. कोंबड्यांची षटकोनी जाळी तर त्यानं पंजा मारताच फाटते. तारेची जाडी मोजायला कॅलिपर नसेल तर वजन करा: दोन इंची चौकटीची १०० चौरस फूट जाळी १० गेजमध्ये साधारण २६ किलो भरते, १२ गेजमध्ये १७-१८ किलो. काट्यावर ठेवलं की दोन मिनिटांत कळतं.

चेनलिंकचा दोष तिच्या विणीत आहे. एक तार तुटली की शेजारची सैल होते, आणि ताण नसेल तर खालची कड ढकलल्यावर आत झुकते. बिबट्याला जमीन उकरत बसायची फारशी सवय नाही, पण झुकणाऱ्या कडेखालून अंग चपटं करून घुसणं त्याला सहज जमतं. उपाय म्हणजे जाळीची चारही टोकं २५ बाय ३ मिलिमीटरच्या पट्टीखाली दाबून ती पट्टी दर सहा इंचांवर पक्की करायची. बारीक तारेनं बांधून दिलेली जाळी घेऊ नये. ती बांधणीची तार पहिल्या दोन पावसाळ्यांत गंजते. वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा वेल्ड करून केलेली जाळी, झुकत नाही, दिसायलाही सुबक, पण सांधे कच्चे असतील तर एकेक टाका सुटत जातो. विकत घेताना एका सांध्यावर पक्कड लावून पिळा. सुटला तर तो रोल परत ठेवा.

गंजाचा विचार गावागणिक वेगळा करावा लागतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जस्ताच्या गरम मुलाम्याचीच जाळी घ्यावी आणि वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो म्हणून तिथं झिंक प्रायमरचे दोन हात द्यावेत. शिरोळ, हातकणंगले, कागलकडं साधा रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट चालून जातो. पाऊस कमी असला तरी एक शत्रू सगळीकडं आहे: शेळ्यांचं मूत. ते जस्त खातं. जमिनीपासून फूटभर उंचीची जाळी त्यामुळंच सगळ्यांत आधी जाते, आणि नेमकी तीच जागा बिबट्या पाहतो.

तीन फुटी भिंत, जी कोटेशनमध्ये नसते

खालपासून वरपर्यंत जाळीचा गोठा स्वस्त आणि झटपट होतो, म्हणून फॅब्रिकेटर तोच सुचवतात. तो नाकारा. खाली तीन फूट भिंत घ्या आणि वर जाळी. भिंतीनं मुताचा आणि उकरण्याचा प्रश्न सुटतो, जाळी चार फुटांच्या पट्ट्यात बसल्यानं ताणही चांगला राहतो. याहून मोठा फायदा दिसण्याचा आहे. बिबट्या मुख्यतः डोळे आणि कान यांच्यावर शिकार करतो. बसलेल्या शेळ्या भिंतीआड गेल्या की त्याला हालचाल दिसत नाही, आणि शेळ्यांनाही तो दिसत नाही. आरपार जाळीच्या गोठ्यात तो आत न शिरताही नुकसान होतं: बाहेरून झडप घालतो, शेळ्या एका कोपऱ्यात चेंगरतात, करडं तुडवली जातात, गाभण शेळ्या गाभडतात. आधीच पूर्ण जाळीचा गोठा बांधून झाला असेल तर खालच्या तीन फुटांना आतून पत्रा मारून घ्या. हिरवी शेडनेट दिसणं अडवते, पण नखांपुढं टिकत नाही.

हिशेब असा: पन्नास फुटांच्या घेरातून दाराचे तीन फूट वजा करून ४७ फूट, उंची तीन, म्हणजे सुमारे १४० चौरस फूट भिंत. १६ बाय ८ इंच तोंडाचे १६० ब्लॉक लागतात. आजरा, चंदगड, राधानगरीकडं जांभ्याचा चिरा मिळत असेल तर तो उत्तम. पाया दीड फूट. खांब याच पायात काँक्रीटमध्ये उभे करायचे, नंतर भिंतीला बोल्ट मारून नव्हे.

भिंत चार-पाच फुटांपर्यंत नेण्याचा मोह टाळा. वारा खेळला नाही की अमोनिया साठतो, शेळ्यांना न्यूमोनिया धरतो आणि बिबट्यानं मारलं नसतं तेवढं जनावर आजारानं जातं.

पत्रा आणि त्याखालची फट

सगळ्यांत मोठी तक्रार इथं. बिबट्या सरळ उभी उडी सहज दहा फुटांच्या आसपास घेतो आणि उत्तम चढतो. त्यामुळं छप्पर नसलेलं कुंपण, मग ते आठ फुटी असलं तरी, त्याच्यासाठी पायरी आहे. छप्पर असूनही गोठे फुटतात, ते दोन कारणांनी.

पहिलं, जाळी सात फुटांवर संपते. पुढच्या बाजूला पत्र्यापर्यंत दीड फूट उंचीची पंधरा फूट लांब फट राहते आणि दोन्ही कडेच्या भिंतींवर उताराचा त्रिकोण उघडा राहतो. ‘हवेसाठी’ म्हणून ती सोडलेली असते. हवा जाळीतूनही येते. ही फट बंद करायला जेमतेम ३५-४० चौरस फूट जाळी जादा लागते, म्हणजे दहा किलो लोखंड. एवढ्यासाठी अख्खा गोठा निकामी होतो. कोटेशनवर ‘पत्र्याला भिडेपर्यंत जाळी’ हे शब्द लिहून घ्याच.

दुसरं, पत्रा. सिमेंटचा पत्रा वरून उडी पडली की तडकतो आणि बिबट्या थेट शेळ्यांमध्ये येतो, वर सांगितलेलं हत्याकांड होतं ते अशानंच. कौलं तर पंजानं सरकतात. जुन्या कौलारू गोठ्यालाच जाळी मारून घ्यायची असेल तर कौलांखाली वाशांना जाळी ठोकल्याशिवाय त्या खर्चाला अर्थ नाही. लोखंडी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, खालच्या आडव्या नळ्या एकमेकींपासून तीन फुटांपेक्षा लांब नकोत, आणि कडेच्या ओळीत दर फुटाला स्क्रू. वाऱ्यानं सैल झालेलं पत्र्याचं टोक उचलून आत डोकं घालता येतं. गोठ्यावर आलेली आंब्या-फणसाची फांदीही छाटा.

दार

दार तीन बाय सहा फूट, बाहेर उघडणारं आणि चौकटीच्या आतल्या ओठावर टेकणारं हवं, म्हणजे बाहेरून ढकललं तर ते जास्तच घट्ट बसतं. बहुतेक दारं आत उघडणारी मिळतात, कारण बिजागरी बसवायला ती सोपी. शिवाय कडी एकच, मधोमध. मग खालचा कोपरा पंजानं दाबला की दार पिळतं आणि चार-पाच इंचांची फट पडते. तेवढी तरण्या बिबट्याला पुरते, कारण डोकं गेलं की अंग जातंच. म्हणून कड्या दोन, एक वर आणि एक जमिनीपासून फूटभर; दाराच्या चौकटीत तिरपी नळी; खालच्या दोन फुटांना १८ गेजचा पत्रा; उंबरा काँक्रीटचा आणि दार व उंबऱ्यात दोन इंचांपेक्षा कमी अंतर. शेणा-लेंड्यांनी खालची कडी अडकते आणि मग ती लावणं हळूहळू बंद होतं. कडीचं भोक आरपार ठेवून घ्या, म्हणजे घाण खाली पडून जाईल.

लोखंडाचं वजन आणि दर

फॅब्रिकेटर दर किलोवर सांगतात, म्हणून किलो किती ते तुम्हाला आधी माहीत हवं. या मापाला दहा खांब, ५० बाय ५० चौरस नळी, २ मिलिमीटर जाडी: सुमारे ८५ किलो. जाळीच्या खाली-वर आडव्या नळ्या ४० बाय ४० च्या: ७३ किलो. छपराचा सांगाडा ७७, दार १७. सांगाडा एकूण २५० किलोच्या आसपास, १० गेजची सव्वादोनशे-अडीचशे चौरस फूट जाळी ६० किलो. पत्रा वेगळा. कुणी दीडशे किलोत काम बसवून दिलं तर नळी १.२ मिलिमीटरची आहे असं समजा. ती वजनाला पेलते, पण वेल्डिंग करताना भोकं पडतात आणि आतून गंजली तरी बाहेरून कळत नाही. किलोचा दर दोन रुपयांनी कमी मिळवण्यापेक्षा नळीच्या जाडीवर अडून बसा.

जागा

गोठा फडाला लागून नको. भोवती निदान पंधरा-वीस फूट मोकळं रान ठेवा. उंच पीक नको, पाचटाचा ढीग नको, घाणेरीचं जाळं नको. दबा धरायला जागाच राहिली नाही की तो उघड्यावर थांबायला बिचकतो. घराच्या हाकेवर, माणसांचा वावर दिसेल अशी बाजू उत्तम. ऊसतोड ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होते, फड रिकामे होतात, आडोसा जातो आणि पिल्लंवाली मादीही जागा बदलत फिरते. काम दसऱ्याच्या आत उरकलेलं बरं.

भोवतालची स्वच्छता हा गोठ्याचाच भाग समजा. व्यालेल्या शेळीची वार दोन फूट खोल पुरा. मेलेली कोंबडी, चिकनच्या दुकानातला टाकाऊ माल ओढ्यात पडला की त्यावर कुत्री आणि डुकरं जमतात आणि त्यांच्यामागं बिबट्या. त्याला वस्तीची वाट दाखवणारी हीच साखळी.

दिवे, घडीचं कुंपण, खिळेपट्टा

लुकलुकणारे सौर दिवे थोडे दिवस चालतात. नवी वस्तू दिसली की बिबट्या बिचकतो, पण ती रोज त्याच जागी, त्याच लयीत लुकलुकत राहिली तर त्याला सवय होते. अनियमित लयीचा दिवा घ्या, दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, आणि तो खांबाच्या टोकाला न लावता बिबट्याच्या डोळ्यांच्या उंचीला, दोन-अडीच फुटांवर, बाहेर तोंड करून लावा. ऊस वाढला की खालचा दिवा झाकला जातो, मग बांधावर आणावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या तालुक्यांत पॅनेल चार्जच होत नाही, तिथं विजेवरचा दिवा बरा. कच्च्या गोठ्याची भरपाई म्हणून दिवे घेऊ नयेत.

मेंढपाळांसाठी चार फुटी घडीचे लोखंडी पॅनेल मिळतात. मेंढरं एकत्र राहावीत म्हणून ते ठीक, ओझं मात्र घोड्याच्या पाठीला जड. बिबट्यासाठी चार फूट म्हणजे काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळीही त्याला उडी मारण्यापासून अडवत नाही. तिथं खरं राखण जागत्या माणसाचं, शेकोटीचं आणि कुत्र्यांचं असतं. पॅनेलवर पैसे घालण्यापेक्षा चांगल्या बॅटऱ्या घ्याव्यात आणि करडं-कोकरं डालग्याखाली, माणसांच्या मध्ये झाकावीत.

कुत्र्याच्या गळ्यातला खिळेपट्टा चावा नेमका कुठं बसतो हे ओळखून केलेली वस्तू आहे, म्हणून तो मनापासून शिफारस करण्यासारखा. पट्टा अडीच-तीन इंच रुंद, जाड कातड्याचा, खिळ्यांच्या बैठकी आतून दुसऱ्या कातड्यानं झाकलेल्या, आणि गळा व पट्टा यांत दोन बोटं जागा. पण त्यानं फक्त मान वाचते. साखळीनं बाहेर बांधलेलं कुत्रं पट्टा असूनही मरतं, कारण त्याला पळता येत नाही. रात्री ते गोठ्याच्या आत किंवा ओसरीवर दाराआड घ्या.

विजेच्या तारेत घरचा करंट सोडणं हा उपायच नव्हे. त्यानं माणसं मरतात, आणि बिबट्या मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. मेलेल्या जनावरावर विष घालणं तसंच, आणि त्यानं गावची कुत्री आधी मरतात.

गोठा असूनही जनावर गेलं तर

दिवसा चरताना शेळी जाऊ शकते, गोठा तिथं उपयोगी नाही. तेव्हा मेलेलं जनावर ओढून पुरू नका, सोलू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पंचनाम्यात जखमा पाहतात: बिबट्याचं काम असेल तर गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं, ओढल्याची रेघ, उपटलेले केस. मोकाट कुत्र्यांचं असेल तर मागचे पाय आणि कुशी फाटलेल्या, जखमा वेड्यावाकड्या आणि अनेक. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. पंचनाम्यानंतर जनावर फडाकडेला, वस्तीपासून दूर असेल तर वनविभागाला विचारून तिथंच राहू द्यावं. ते उचललं की भुकेला बिबट्या त्या रात्री दुसरं शोधणार.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक तपासणी अंधारात करा. एकानं आत बॅटरी लावून उभं राहायचं, दुसऱ्यानं बाहेरून गुडघ्यावर बसून सगळा घेर फिरायचा, मग शिडीवरून पत्र्याची कड. जिथून उजेडाची जाड तिरीप येते तिथं मूठ घालून पाहायची. मूठ गेली की खडूनं खूण करायची. दाराच्या खालच्या कोपऱ्यावर पायानं पूर्ण भार द्यायचा, पत्र्याची चारही टोकं हातानं उचलायची. खुणा बुजवून झाल्या की मगच पैसे.